खळ

यादी रात्री दीडला फुटली.
घाडीगावकरांनी फोनवर नाव सांगितलं
आणि श्वास न घेता पुढे म्हणाले, वरून आलंय.
मी म्हटलं, आमचं पाणीही वरूनच यायचं,
टाकीतून. यानंच तोडलं होतं ना?
ते हसले नाहीत. खोकले.

सोळा महिने.
प्रमिलाला सातवा होता, तरी हंडे चढवायची
तिसऱ्या मजल्यावर.
खोल्या रिकाम्या करा म्हणजे टॉवर उभा करतो,
असा त्याचा निरोप नळातून यायचा,
नुसती हवा, फुसफुस.
मग मोर्चा काढला. आपणच काढला, घाडीगावकर.
घोषणा तुमच्या, गळा माझा.
त्याच्या साइट ऑफिसच्या पत्र्यावर रिकामे हंडे बडवले
तो आवाज पार टागोरनगरापर्यंत गेला होता.
पोलिसाची काठी उजव्या खांद्यात अजून आहे.
हात वर केला की सांगते.

माणूस बघू नकोस रे, चिन्ह बघ.
चिन्ह?
ते मी डोळे मिटून काढतो.
कन्नमवारनगरातली कुठली भिंत रंग पिते,
कुठलीला ओल, कुठलीवर आधी चुना मारावा लागतो,
सत्तावीस वर्षांत दुसरं शिकलो काय?
त्या चिन्हाशेजारी आता याचं तोंड,
दात पांढरे करून घेतलेले.

राजीनामा लिहायला बसलो.
'माननीय विभागप्रमुख' इथवर झालं.
नेमणुकीचं पत्र कुणी दिलंच नव्हतं कधी,
एका संध्याकाळी कुणीतरी हातात बादली दिली होती
बस.

म्हणून किल्ली द्यायला गेलो.
कुलूप माझ्या पैशाचं होतं, ते राहू दिलं.
दोन कटिंग आले.
साय धरली तरी कुणी उचलले नाहीत.
कुठे जाणार, ते म्हणाले, तिकडचे तर याच्याहून…
तिकडे नाही, म्हटलं. घरी.

घर तीन मिनिटांवर.
अर्धा तास लागला,
खांबाखांबावर तो हात जोडून उभा होता
आणि मी प्रत्येक वेळी फुटपाथ बदलत होतो.

प्रमिलाने सगळं ऐकून घेतलं.
भाजी निवडत एवढंच विचारलं,
मग रविवारी तुम्ही करणार काय?

मतदार यादी मात्र माझ्याकडेच राहिली.
पेन्सिलीच्या रेघा माझ्या, गेलेल्यांवरून ओढलेल्या,
हलकेच, कुणाला लागू नये अशा.
कोण विरारला गेलं पण मत इथेच ठेवून,
कुणाचं आडनाव लग्नात बदललं, कुणाचं घटस्फोटात परत आलं.
दुधाच्या केंद्रावर संझगिरी काकूंनी गाठलं.
माझा नंबर रे?
चारशे अकरा.
आणि कुणाला?
आजवर हा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचो.
पिशवीतून दूध ठिबकत होतं, ते बघत राहिलो.
चष्मा घेऊन जा, काकू, म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मीच हरलो होतो, मतमोजणीआधी.

काल रात्री साडेअकराला सुयोगचा फोन.
काका, रागावू नका, तुम्हालाच विचारतोय,
मैदा शिजलाय, मोरचूद किती टाकू?
गेल्या वेळी उंदरांनी पोस्टरं खाल्ली.
मागे बादलीची कडी वाजत होती, पोरं हसत होती,
कागदाच्या गुंडाळ्या सोडल्याचा आवाज
मी हजारांत ओळखीन.

क्षणभर आलं होतं जिभेवर,
टाकूच नकोस. खाऊ देत त्यांना,
दातांपासून सुरुवात करू देत.

पण खळ बिघडवायची कशी
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

बादलीला चिमूट, म्हणालो.
आणि निवू दे जरा.
गरम लावलीस तर हात भाजतो.